भाड्याच्या पोरांची हजेरी

१२ सप्टेंबर, शुक्रवार
हजेरी बरी झाली. रेशीम आली, घंटावाला आला, उशिरा उगवणारा ढेपाळ्याही आला. मुका नाही. भाड्याने घेतल्यापासून एकदाही नाही.
जाहिराती बघण्याचे पैसे देणाऱ्या या साइटवर यांना नाव नसतं. इंग्रजी आर आणि पुढे लांबलचक आकडा, कैद्यासारखा. नावं मी ठेवली. महिन्याच्या भाड्याने माणूस घ्यायचा, त्याने त्याच्या देशात बसून जाहिरातींवर टिचक्या मारायच्या, त्यातला वाटा माझ्या खात्यात. मात्र त्या दिवशी मी स्वतः माझ्या जाहिराती बघितलेल्या हव्यात. मालकाची दांडी तर पोरांचं त्या दिवसाचं काम फुकट. हा नियम मला आवडतो. गुरुजीच वर्गात नाहीत तर कसली हजेरी?
सुलभाने विचारलं, "त्या मुक्याचं भाडं पुन्हा भरलंत?"
"भरलं."
"बोलत नाही, दिसत नाही, काम करत नाही. एक जावई कमी होता का आपल्याला?"
जाहिरातीची पट्टी सरकत होती. ती पूर्ण सरकेपर्यंत बघायचं, मग चार चित्रांतलं उलटं चित्र ओळखायचं. आज उलटी गाय होती.

१५ सप्टेंबर, सोमवार
खालून हाक. "सतरा नंबर!"
गॅलरीत जाऊन ओरडलो, "हजर!" शेजारच्या बाई आता दचकत नाहीत.
शाळेत माझा सतरा, पास्कलचा अठरा. एकच बाक. तो गिरीजच्या वाडीतला, मी वसई कोर्टातल्या बेलिफाचा मुलगा. आज बसने आला, पिशवीत सुकेळी. मागच्या उन्हाळ्यातली शेवटची पुडकी म्हणाला. वाळलेल्या राजेळी केळ्यांचा तो वास, सोपटाची गाठ सोडताना... असो. डॉक्टरांनी गोड बंद केलंय. दोन खाल्ली.
माझ्याच नादाने तोही साइटवर आला. सुकेळीच्या पैशातून पोरं भाड्याने घेतली आणि आता माझ्यापेक्षा पुढे. त्याची रीत सरळ आहे. तीन दिवस टिचकी नाही की साइटला थोडे पैसे मोजायचे आणि त्या जागी दुसरा माणूस घ्यायचा. बदली.
"वश्या, तुझा तो मुका अजून आहे?"
"आजारी असेल."
"केळीचा गड्डा सडला की उपटायचा. त्याच्यापुढे उदबत्ती लावतोस तू."
"पटावरून नाव काढायचं म्हणजे..."
"तू शाळा चालवतो रे बाबा. मी वाडी चालवतो."
सु. स्वयंपाकघरातून, "भावजी, यांना पण उपटून न्या एकदा."
तो असा हसला की चहा बशीत सांडला.

२० सप्टेंबर, शनिवार
एक ओळ सुचली. 'दूर देशीच्या बोटा, तुझी रे टिचकी वाजू दे.' पुढचं यमक बसेना. सु. म्हणाली, "साजू दे, गाजू दे, भाजू दे. आणि भाजीचं बघा."
मला खरंच वाटतं ते लोक दिसतात. रेशीम कुठल्या तरी थंड गावी, खिडकीत बर्फ. घंटावाला म्हातारा असावा, चर्चची घंटा वाजवून येऊन बसत असावा. इकडे चहा उकळतो तेव्हा साइटची तारीख बदलते, आणि पहिली टिचकी त्याची.
आमच्या शाळेत सर मान खाली घालूनच हजेरी घेत. कोण ओ देतंय ते बघत नसत. आईच्या आजारपणात मी कितीदा तरी घरी राहिलो. पास्कू आवाज बारीक करून माझ्या नंबरला 'हजर' म्हणायचा, मग घसा खाकरून स्वतःच्या नंबरला. वर्षअखेरीस पूर्ण हजेरीचं बक्षीस मला. कवितांचं पुस्तक. अर्धी हजेरी त्याची, पुस्तक माझं. त्या पुस्तकाने माझं जे काही व्हायचं ते झालं. पुढे उभा जन्म हापिसात पावत्या लिहिताना त्यातल्याच ओळी मनात घोळत राहिल्या. काही उपयोग झाला नाही. तरी.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
पास्कूचा फोन. आवाज पडलेला. त्याचा मुलगा मेल्विन नाताळात येतोय, कॅनडाहून. भेटायला म्हणून, पण बिल्डरशी त्याचं बोलणं आधीच झालंय. विहिरीकडचा उरलेला तुकडा विकायचा म्हणतो.
"मला विचारतो, डॅडी, वाडी देते काय तुम्हाला? केळी? मी पाठवतो तेच खाता ना?"
"तू काय म्हणालास?"
"म्हटलं, नाताळला ये. तुझ्यासमोर डॉलर काढून दाखवतो. डॉलर काय तुलाच येतात?"
पैसे काढता येण्याची जी किमान रक्कम आहे तिच्या अगदी जवळ आलाय तो. रक्कम इथे लिहीत नाही, कुणी वाचली तर हसेल. पण ती वाडीत बसून स्वतःच्या बोटाने मिळवलेली. मेल्विनच्या तोंडावर मारायला तेवढी पुरे.
मी म्हटलं, "नाताळच्या आत येतात की नाही बघ." छातीठोक. माझं काय जातंय.

४ ऑक्टोबर, शनिवार
नीलिमा पुण्याहून आली. लेकीला कौतुकाने पट दाखवला. बघत राहिली, मग म्हणाली, "बाबा, ही माणसं नाहीयेत."
"मग काय भुतं?"
"मशीन. साइटवाल्यांनीच चालवलेली. तुमची ही रेशीम बघा, रोज त्याच मिनिटाला. रविवारी पण. माणूस कधीतरी उशिरा उठेल ना? ताप येईल, लग्नाला जाईल."
ती झोपल्यावर... नको, ते खोटं. तिच्यासमोरच उघडलं. रेशीम, त्याच मिनिटाला. घंटावाला, त्याच मिनिटाला. ढेपाळ्याचा उशीरसुद्धा रोज तेवढाच.
म्हणजे सगळ्या वर्गात माणसासारखं वागणारा एकच. मुका.
सु. काही बोलली नाही. आज बोलली असती तर बरं वाटलं असतं.
पास्कूला सांगितलेलं नाही. सांगून काय? मशीन असो की माणूस, डॉलर तर आकड्यात दिसतात.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
गिरीजला गेलो. पास्कूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन परवा. एक डोळा आता, दुसरा पाठोपाठ. मग महिन्याभराने चष्मा. तोवर फोनच्या बारीक अक्षरांना हातही लावायचा नाही, डॉक्टर ओरडलेत.
डोळ्याची भीती नाही. भीती वेगळीच.
"माझ्या टिचक्या राहिल्या तर पोरांचं सगळं फुकट जाणार, वश्या. नाताळ बोंबलला."
मेरीवहिनी पडवीत सुपात तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "डोळे चालले तरी यांचं बोट थांबत नाही."
मी म्हटलं, "तुझी हजेरी मी लावतो."
तो बघत राहिला. "लावशील?"
"तू माझी किती लावलीस."
त्याने पासवर्ड कानात सांगितला. आमच्या ड्रॉइंगच्या सरांना पोरं पाठीमागे जे म्हणायची तेच. दोघं म्हातारे खो खो हसलो. वहिनींना वाटलं पास्कू रडतोय, धावत आल्या.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
ऑपरेशन छान झालं. वहिनींचा निरोप.
सकाळी आधी माझी हजेरी लावली, मग बाहेर पडून त्याच फोनवर त्याच्या खात्यात शिरलो. बारीक आवाजात, उगाचच, 'हजर' म्हटलं. सु. ने वळून बघितलं.
फार दिवसांनी बरं वाटलं. त्याचा पट माझ्यापेक्षा नेटका. एकही मुका नाही. आकडा किमान रकमेला जवळजवळ टेकला आहे. दिवाळी होताच पैसे काढायचं बटण दाबता येईल. ते मात्र त्यालाच दाबू द्यायचं, चष्मा आल्यावर.

१९ ऑक्टोबर, रविवार
खातं उघडत नाही.
लाल चौकट. इंग्रजी मजकूर. आधी वाटलं नेट गेलं. मग पास्कूचं उघडून बघितलं. तीच चौकट.
नीलिमाला फोन करून वाचून दाखवला. एका यंत्रावरून एकच सभासद. दोन खाती दिसली म्हणजे एकच माणूस दोन नावांनी वावरतो, लबाडी. दोन्ही खाती कायमची बंद, शिल्लक जप्त.
"बाबा, तुम्ही एकाच फोनवरून दोघांचं लॉगिन केलंत?"
"हजेरी लावली त्याची."
"नियमात लिहिलेलं असतं हो हे."
असेल. मी नियमातला तेवढा गुरुजींचा भाग वाचला होता.
साइटने सगळं यंत्रांचं चालवायचं ते चालतं. दोन जिवंत माणसं निघाली तर त्यांना एक धरायचं आणि हाकलायचं. वा.
चकल्या तळण्याचा वास घरभर.

२२ ऑक्टोबर, बुधवार
पाडवा. नीलिमाने इंग्रजीत अर्ज लिहून दिला. आम्ही दोन वेगळे आहोत, एक विरारचा, एक गिरीजचा, एकाचे डोळे... सगळं लिहिलं. लगेच उत्तर आलं! इतक्या लगेच की कुणी वाचलं असणं शक्यच नाही. आपल्या सहकार्याबद्दल आभार. एवढंच.
सु. ने ओवाळलं. तबकात ठेवायला खिशात हात घातला आणि तसाच राहिलो. "काय झालं?" म्हणाली. तेव्हा सांगितलं सगळं.
ती म्हणाली, "भावजींना आजच सांगा."
"दिवाळी आहे."
"त्यांची नाही."

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
सांगायला म्हणून गेलो. गिरीजचा रस्ता, दोन्हीकडे केळी, पाटाचं पाणी. लहानपणी इथून कविता म्हणत चालत जायचो. आज एक ओळ आठवेना.
पास्कू आरामखुर्चीत, काळा चष्मा, मोठ्या साहेबासारखा. पाऊल ओळखून म्हणाला, "सतरा नंबर. पोरं येतात ना रे?"
"येतात."
एवढंच म्हणालो. बास. तिथेच ठेच लागली आणि पुढे घरंगळतच गेलो.
"वाच पट."
फोन काढला. पडदा बंदच होता. काळ्या पडद्याकडे बघून वाचायला लागलो. तो नावं ठेवत नाही, शेवटच्या दोन आकड्यांनी ओळखतो. मी बेचाळीस म्हटलं, तेहतीस म्हटलं, सुचेल ते.
"दांडीवाले?"
"एकोणसाठ."
"एकोणसाठ? त्याला मी ऑपरेशनच्या आधीच उपटला."
केळीच्या पानाचा आवाज तेवढा.
"परत आला असेल," मी म्हटलं.
त्याने चष्मा नाकावर नीट सरकवला. मग हसला. "येतात. कधी कधी गड्डा तसाच राहतो आत."
त्याला कळलं? की खरंच हसला? काळ्या चष्म्यातून काही दिसत नाही.
वहिनी माझ्या मागे उभ्या होत्या हे वळल्यावर कळलं. फोन माझ्या हातात, पडदा काळा. निघताना केळ्यांची फणी दिली, नेहमी देतात तशी. नेहमी म्हणतात, "पुन्हा या भाऊजी." आज नाही म्हणाल्या.

२ नोव्हेंबर, रविवार
आज त्यांच्याकडे मृतांचा दिवस. पास्कू वहिनींचा हात धरून चर्चमध्ये मिस्साला गेला, मग वडिलांच्या कबरीवर मेणबत्ती लावायला. फोनवर सांगत होता. "म्हाताऱ्याला सांगून आलो, वाडी जात नाही."
मी नुसतं हं म्हटलं.
दुपारी पडल्या पडल्या एक गोष्ट ध्यानात आली आणि उठून बसलो. पास्कूला साइटवर मी आणलं. मला कुणी आणलं नव्हतं, जाहिरात बघून आपला आपण शिरलो. आणि असे बिनमालकाचे जे येतात तेच पुढे भाड्याने दिले जातात, हे मीच पास्कूला शिकवलेलं. म्हणजे इतके दिवस मीही कुणाच्या तरी पटावर होतो. आर आणि लांबलचक आकडा. कुठे तरी कुणी तरी, माझ्यासारखाच रिकामा, सकाळी उघडून बघत असेल. आला का म्हातारा? आला.
आता माझ्यापुढे रोज भोपळा. त्याने पास्कूसारखी तीन दिवसांत बदली केली असेल.
की माझं भाडं भरत बसला असेल? आजारी असेल म्हणत?
मुक्याचं काय झालं असेल.

९ नोव्हेंबर, रविवार
आज नक्की सांगायचं ठरवून गेलो. बसमध्ये वाक्यं जुळवली. 'पास्कू, माझ्या हातून...'
पोचलो तर व्हिडिओ कॉल चालू. फोन वहिनींच्या हातात, त्यात मेल्विन, अंगात जाड जाकीट.
"डॅडी, किती जमले? फिगर सांगा ना."
"फिगर वश्या सांगेल. तोच बघतो सध्या." आणि वहिनींना म्हणाला, "फोन त्याच्याकडे कर."
वहिनींनी फोन माझ्याकडे वळवला. हात स्थिर. डोळे माझ्यावर.
"हाय काका. डॅडी म्हणतात डॉलर येणार. खरंच येतात का? की टाइमपास?"
मी म्हटलं, "येतात."
"श्युअर?"
"नाताळला बघशील."
तो जरा थांबला. "तुम्ही सांगताय म्हणजे ओके. तोपर्यंत बिल्डरला होल्डवर ठेवतो. पण नाही आले तर डॅडी, मग नो आर्ग्युमेंट. साइन."
"डन!" पास्कू इंग्रजीत म्हणाला, आणि खुर्चीच्या दांड्यावर थाप मारली.
परतताना पाटाच्या कडेला बसलो. आधी ते दोन कवडीचे डॉलर होते. आता त्यांच्यावर वाडी ठेवली गेली. ठेवली पास्कूने, पण शब्द माझा.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
वहिनींचा फोन. पास्कू आंघोळीला गेला तेवढ्यात.
"भाऊजी, खातं गेलं ना?"
"गेलं."
"मला त्याच दिवशी समजलं. बंद फोन वाचत होता तुम्ही."
मी फोन दुसऱ्या कानाला लावला.
"मला वाडी द्यायची नाही. सून म्हणून आले तेव्हापासून त्या विहिरीचं पाणी काढते. पण खोट्यावर धरून ठेवायची पण नाही. तुम्ही सांगता की मी सांगू?"
"मी सांगतो."
"कधी?"
"तुम्ही नका सांगू, वहिनी. मी."
"चष्मा आला की हे पहिला फोनच उघडणार." आणि ठेवला.

१५ नोव्हेंबर, शनिवार
सु. ला म्हटलं, पेन्शनमधून तेवढे पैसे काढतो. पास्कूच्या हातात देतो, म्हणतो आले बघ तुझे.
ती शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे आता तुम्ही त्यांच्या पटावरचे भाड्याचे."
"वाडी वाचेल."
"वाचेल. मग फेब्रुवारीत पुन्हा द्याल. मेमध्ये पुन्हा. आणि ते तुम्हाला मेल्विनला दाखवून म्हणतील, हा माझा मित्र, याने शिकवलं." टरफलं सुपात टाकली. "त्यांनी तुमची हजेरी लावली तेव्हा सरांना फसवलं. तुम्ही त्यांनाच फसवताय."
इतकी वर्षं कविता मी वाचल्या. नेमकं बोलता हिलाच येतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार
फोन. पास्कूच.
"वश्या! चष्मा मिळाला. अरे, केळीच्या पानावरची रेघन्‌रेघ दिसते. मेरीला इतक्या सुरकुत्या कधी आल्या विचारलं तर दोन तास बोलली नाही."
हसलो. आवाज आपोआप हसला.
"फोन उघडलास?" मी विचारलं.
"नाही उघडला. उद्या तुझ्याकडे येतो. तिथेच उघडू."
"इथे कशाला? मीच येतो तिकडे."
"नको. तू आलास की नुसतं वाचून दाखवतोस." थांबला. "उद्या मी बघणार, तू बस शेजारी. सुकेळी नाही, नवी राजेळी आणतो."
तो थांबला ते का थांबला? संध्याकाळपर्यंत तेच.
सु. ने न सांगता उद्यासाठी साबुदाणा भिजवायला काढला. पास्कूला आवडतो.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळ. खुर्च्या दोन, समोरासमोर मांडल्या. मग शेजारी शेजारी केल्या. बाकासारख्या. पुन्हा समोरासमोर.
पेन्शनचे पैसे काढलेले नाहीत. काढले असते तर मोह झाला असता.
वाक्य तयार नाही. पूर्ण हजेरीचं ते पुस्तक कपाटातून काढून टेबलावर ठेवलं. पहिल्या पानावर माझं नाव, सरांची सही. का काढलं माहीत नाही. त्याला द्यायचं म्हणून असेल, किंवा मला हाताला काही हवं म्हणून.
सु. म्हणाली, "आल्या आल्या सांगा. चहाच्या आधी."
"चहा झाल्यावर सांगतो."
"आधी."
बस येऊन गेली असावी, कोपऱ्यावर हॉर्न वाजला. मी अजून लिहितोच आहे.
खालून हाक आली.
"सतरा नंबर!"
नेहमीचाच आवाज. काही वेगळा वाटत नाही. की वाटतो?
सु. परातीवरचा हात थांबवून माझ्याकडे बघते आहे. शेजारच्या बाईंनी दार उघडलं, माझी ओ आली नाही म्हणून असेल.
पुन्हा हाक. "सतरा नंबर! आहेस का रे?"